एकदाच नामंजूर

आमच्या तालुक्याच्या कोर्टाचे मुन्सिफसाहेब इजलासात अनवाणी बसत. अंगात शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी आणि टेबलाखाली उघडे पाय. वकील अनवाणी, मुलजिम अनवाणी, फिर्यादी अनवाणी, मी त्यांचा पेशकार, त्यांच्या डाव्या हाताला बसून कागद वाचून दाखवणारा, मीही अनवाणी. दाराबाहेर जोड्यांचा ढीग पडलेला असे आणि दुपारी इजलास उठला की आपला जोडा शोधताना वकीलमंडळींची डोकी एकमेकांवर आपटत.

याला कारण झालं होतं. ते आमच्याकडे बदलून आले त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या चपराशानं एका मांगाला दारातच हटकलं, "वहाणा भाईर काढ." त्याच्यामागून एक अडत्या करकर बूट वाजवत आत आला, त्याला कोणी काही बोललं नाही. साहेब टेबलावरून बघत होते. त्यांनी चपराशाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "ही जागा पाक आहे का नाही?" चपराशी म्हणाला, "हाय हुजूर." "मग सगळ्यांना पाक." असं म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या पायातला जोडा काढला आणि चपराशाच्या हातात दिला. पुढं हैदराबादहून तपासणीला एक बडे अंमलदार आले, तेव्हा त्यांचेही बूट दारात उतरवून घेतले. अंमलदारांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते सगळ्या कचेरीनं पाहिलं. साहेबांनी मात्र वर मान केली नाही, अगदी मनापासून कागद वाचत राहिले.

गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं, गंगेच्या काठचं तालुक्याचं गाव. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. ज्या घराण्याविषयी पुढं लिहायचं आहे त्यांची मुलं-नातवंडं अजून त्या भागात नांदतात, आणि ती चांगली माणसं आहेत. तेव्हा निजामी होती, तिकडं जर्मनाशी जंग चालू होती, घासलेट मिळत नव्हतं, आणि कचेरीचं सगळं काम उर्दूत चाले. साहेब मूळचे बिदरकडचे. माझ्याशी दखनीत बोलत, खेडूत पुढं आला की त्यांच्या त्या बिदरी मराठीत. पण कोणत्याही बोलीत त्यांच्या तोंडून कोणासाठी 'तू' निघाला नाही. कोंबडीचोरालाही 'तुमी'.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नव्हतं. घरी स्वतः भाकरी थापत आणि ती बिघडली की दुसऱ्या दिवशी मला सांगत, जणू एखादा निवाडा चुकला. नजराण्याचं तर विचारूच नका. एका नवख्या वकिलानं आंब्यांची पाटी घरी पाठवली. साहेबांनी ती तशीच कचेरीत आणवली, मध्ये ठेवली, आणि पुकारा करणाऱ्या चपराशाला सांगितलं की दारात उभं राहून ओरडा. चपराशी घसा खाकरून ओरडला, "अमुक वकीलसाहेबांकडनं आंबे आल्यात! ज्याला खायचेत त्यानं यावं!" बाजारचा दिवस होता. आवारात शंभरेक माणूस. पाटी बघताबघता रिकामी झाली, वकीलसाहेब खुर्चीत बसल्याबसल्या लाल झाले आणि त्यानंतर साहेबांच्या घरी कोणी कोथिंबिरीची काडीसुद्धा पाठवली नाही.

पण या सगळ्या विक्षिप्तपणावर कडी म्हणजे त्यांची जमानत द्यायची रीत. मुलजिम समोर उभा राहिला की ते चष्मा कपाळावर चढवत, त्याच्याकडे बराच वेळ बघत आणि विचारत, "पळणार का?"

"न्हाई सायेब."

"साक्षीदाराला दम देणार का?"

"न्हाई सायेब."

"जबान देता?"

"जबान."

झालं. मुचलका लिहा, सोडा. जामीनदार आणा, जमिनीचा उतारा दाखवा, कोण ओळखतं ते सांगा, यातलं काही नाही. पोलिसांचे अमीनसाहेब कपाळाला हात लावत. म्हणत, मुन्सिफसाहेबांच्या तुरुंगाला दारच नाही. गंमत अशी की त्या जबानीवर सुटलेले बहुतेक सगळे परत येत. एक पारधी तर गंगेला पूर असताना पोहून आला. तारीख होती म्हणून. अंगावरून पाणी निथळतंय, दात वाजतायत, आणि म्हणाला, "आलो सायेब, उशीर झाला." त्या दिवशी त्याच्यावरचा गुन्हा शाबीत झाला आणि साहेबांनी त्याला कैद ठोठावली. कैद ठोठावली आणि घरून आपला कोरडा सदरा मागवून त्याच्या अंगावर घातला.

मी त्यांना एकदा धीर करून विचारलं होतं, की साहेब, तुम्ही कोणालाच आत का ठेवत नाही? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. चार-सहा दिवसांनी, दुसऱ्याच कसल्या तरी बोलण्यातून उठून सांगायला लागले. नवे मुन्सिफ असताना त्यांनी बैल चोरल्याच्या आरोपावरून एका शेतकऱ्याची जमानत नाकारली होती. तो हातापाया पडला होता. कोठडीत पटकी आली आणि तो गेला. मग पावसाळ्यानंतर तो बैल शेजारच्या शिवारात चरताना सापडला, दावं तोडून गेलेला. "बैल मिला, पेशकारसाब," ते म्हणाले, "आदमी नहीं मिला."

 

अशा माणसापुढं मालकांचं प्रकरण आलं.

मालक म्हणजे तालुक्यातलं सगळ्यात मोठं घराणं. गंगेकाठची काळीभोर जमीन, त्यांच्याच गावात सरकी काढायचा जिन, दारात मोटार. सगळा तालुका त्यांना नुसतं 'मालक' म्हणे, नाव घेत नसे. त्यांच्याकडे महादू नावाचा सालगडी होता. पाडव्याला साल संपलं की आपण दुसऱ्या गावी कामाला जाणार, असं तो चारचौघांत बोलला. एवढंच त्याचं चुकलं. जिनच्या आवारात लिंबाच्या झाडाला बांधून त्याला मारलं. स्वतः मालकांनी मारलं, बैलाच्या आसुडानं. दुसऱ्या दिवशी तो मेला. आवारात त्या वेळी पंचवीस-तीस माणसं कामाला होती. सगळ्यांनी सांगितलं की महादू गंजीवरून पडला. फक्त एका बाईनं, कापूस निवडणाऱ्या सरूबाईनं, अमीनसाहेबांपुढं सांगितलं की तो पडला नाही, त्याला मारला.

अमीनसाहेबांनी मालकांना धरून आणलं खरं, कारण बोभाटा फार झाला होता. पण कलम हलकं लावलं. खुनाचं नाही, जबर दुखापतीचं. म्हणजे जमानत द्यायची की नाही हे आमच्या मुन्सिफसाहेबांच्या मर्जीवर राहिलं. आणि साहेबांची मर्जी तर साऱ्या तालुक्याला पाठ होती.

गावात पैजा लागल्या नाहीत, कारण पैज लावायला दुसऱ्या बाजूनं माणूसच मिळेना. जो माणूस पारध्याला जबानीवर सोडतो, तो मालकांना सोडणारच. मालकांच्या घरी म्हणे पेढेसुद्धा आणून ठेवले होते.

परभणीहून त्यांचे वकील आले. मोठे नावाजलेले, बोलणं मऊ, उर्दू अशी की ऐकत राहावं. त्यांनी पहिल्या दिवशी एकच मुद्दा मांडला. "हुजूरच्या या इजलासातून आजवर एकाही मुलजिमाला जमानत नाकारली गेलेली नाही. माझ्या अशिलासाठी मी जास्त काही मागत नाही. जे भटक्या पारध्याला मिळालं तेवढंच मागतो."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. मालकांकडे बघितलं. मालक अनवाणी उभे होते, गोरेपान, उंच, मिशीला पीळ, आणि चेहऱ्यावर राग नव्हता. कंटाळा होता. मी टाक शाईत बुडवून तयार बसलो. आता 'पळणार का?' येणार.

साहेब म्हणाले, "जागेवर जाऊन मौका बघतो. मग हुकूम."

सगळे चकित झाले. मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. साहेब, मी आणि एक चपराशी, भाड्याच्या छकड्यात. चैत्र होता. ऊन सकाळपासूनच डोक्यावर. साहेब कुठंही गेले तरी आपली सुरई बरोबर घेत, दुसऱ्याच्या घरचं पाणी पीत नसत. त्या दिवशी नाल्यात छकडा आदळला, सुरईला तडा गेला आणि पाणी गवतात मुरून गेलं. गावात पोचेपर्यंत त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

जिनचं आवार पाहिलं. लिंबाचं झाड पाहिलं. खोडावर दोरीचे वळ होते आणि त्यांच्यावर कोणी तरी ताजा चुना फासला होता. साहेबांनी तिथं बोट लावलं, बोटाला आलेला चुना पाहिला आणि रुमालाला पुसला. मग बाहेर येऊन गावाच्या पारावर बसले आणि पोलीसपाटलाला म्हणाले, "पाटील, पाणी पाजा."

पाटलानं मागं बघितलं. मागं मालकांचे कारभारी उभे होते. ते पुढं झाले, "हुजूर, वाड्यावरून सरबत मागवतो."

"नक्को. वाड्याचं नक्को. वाड्याचा मुकदमा माझ्यापुढं आहे. दुसरं कोणतंही घर."

पाटील उभाच. साहेबांनी समोरच्या घराकडे हात केला. घरात माणूस होतं, आत भांडं वाजलं होतं. पाटलानं हाक मारली. दार लागलं. दुसऱ्या घराला हाक मारली. एक म्हातारी उंबऱ्यात आली, कारभाऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "पाणी सरलंय बाबा." तिच्यामागं रांजण भरलेला दिसत होता. पलीकडे आडावर दोन बाया पाणी शेंदत होत्या, त्या घागरी अर्ध्या ठेवून निघून गेल्या. भरल्या गावात, चैत्राच्या उन्हात, सरकारच्या मुन्सिफाला कोणी पाणी देईना. कारभारी हात बांधून उभे होते. त्यांनी कोणाला काही म्हटलं नाही, डोळ्यानंसुद्धा नाही. म्हणायची गरज नव्हती. मालक कोठडीत, चार कोसांवर, आणि गावाची ही तऱ्हा. 

तेवढ्यात महारवाड्याच्या अंगानं एक बाई आली. चाळिशीची असेल, काटक, कपाळ उघडं. डोक्यावर घागर. सरळ पारापाशी आली, घागर उतरवली आणि म्हणाली, "सायेब, माज्या हातचं चालंल का?"

साहेबांनी ओंजळ पुढं केली.

तिनं वरून धार धरली. ते पीत राहिले. पिऊन झाल्यावर तोंड पुसलं. बाई घागर टेकवून म्हणाली, "म्या सरू. म्या पाह्यलंय सायेब. त्या दिशी मालकानं..."

साहेबांनी हात वर केला. "बोलू नका बाई. इथं नाही. जे बोलायचं ते इजलासात, मालकासमोर, वकिलासमोर. मी आत्ता ऐकलं तर तुमचं बोलणं बाद होईल."

"मग कवा ऐकताव?"

"बोलावतो."

तिनं घागर डोक्यावर घेतली. मग कारभाऱ्यांकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लवकर बोलवा. आमी हितंच र्‍हायलाव."

आम्ही छकड्यात बसून परत निघालो. आमचं गाव दिसायला लागलं तेव्हा साहेब एकदम म्हणाले, "गलती हुई. पानी नक्को पीना था."

मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी कचेरी उघडायला गेलो तर आवारातल्या झाडाखाली सरूबाई बसलेली. लुगड्याच्या पदराला जळाल्याची भोकं. मांडीवर एक कोंबडी. तिचं कुडाचं घर, कापसाच्या पऱ्हाट्यांचं छप्पर, आदल्या दिवशी दिवेलागणीला पेटवून दिलं होतं. ती गवत आणायला गेली होती म्हणून वाचली. मला म्हणाली, "सायबानी बोलावतो म्हणले व्हते. म्या आपली आदीच आले. घरच न्हाई तर तिकडं काय करू?"

साहेब आले, त्यांनी तिला पाहिलं, तिचा पदर पाहिला. तिथंच उभे राहिले. इतका वेळ उभे राहिले की चपराशी मला खुणावून विचारायला लागला. मग त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या सुईणीला बोलावून सरूबाईला तिच्याकडे ठेवून घ्यायला सांगितलं, आणि आत जाऊन खुर्चीत बसले. जोडा काढायचा विसरले होते. आयुष्यात एवढ्या एकाच दिवशी.

त्याच दिवशी तहसीलदारसाहेब येऊन गेले. परभणीच्या मोठ्या साहेबांचं लक्ष आहे या मामल्याकडं, असं म्हणाले. आमच्या साहेबांनी त्यांना आपल्या परसातली वांगी दाखवली आणि वांग्यांना कीड लागते ती कशी, यावर त्यांना तासभर बोलू दिलं. तहसीलदार गेल्यावर मला म्हणाले, "पेशकारसाब, आज मी खाना नाही खाल्ला." चेहरा उतरला होता. मी म्हटलं, साहेब, आता सरळ आहे की. बाईचं घर जाळलं, जमानत नाकारा. ते माझ्यावर चिडले. पहिल्यांदाच. "कोणी जाळलं? मालक कुठं होता? माझ्या कोठडीत होता! ज्यानं जाळलं त्याला धरा. न केलेल्या कामाची सजा मी मालकाला कशी देऊ? एकाला दिली होती मी." आणि उठून गेले.

सुनावणीच्या दिवशी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मालकांच्या गावची माणसं आली होती, कारभारी सगळ्यांत पुढं. सुईणीबरोबर सरूबाई भिंतीला टेकून उभी. जोड्यांचा ढीग पायरीवरून खाली घसरला होता.

वकीलसाहेब उठले. आगीचा विषय त्यांनी आपण होऊन काढला. फार हुशार माणूस. "हुजूर, एका गरीब बाईचं छप्पर जळालं, मला त्याचं दुःख आहे. पण त्या घडीला माझे अशील सरकारच्या ताब्यात होते. कुलपात होते. ते आत असून आग लागते, तर त्यांना आत ठेवून काय साधलं? आणि हुजूर, पारधी गरीब म्हणून त्याच्या जबानीला किंमत, आणि माझे अशील अमीर म्हणून त्यांच्या जबानीला नाही? दौलत असणं हा कोणत्या कायद्यात गुन्हा आहे?"

ते बसले. मी साहेबांकडे पाहिलं.  त्यांनी डोळे मिटले होते. टेबलाखाली त्यांच्या पायाचा अंगठा फरशीवर घासत होता. सरूबाईनं पदर तोंडाशी धरला.

मग साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मालक, वकीलसाब बरोबर बोलले. तुमची जबान मी घेईन. सगळ्यांची घेतो तशी. पळणार का?"

मालक किंचित हसले. "साहेब, पळायला मी काय भुरटा आहे?"

"नाही. तुमचं सगळं इथंच आहे. पळणार नाही तुमी." साहेब थांबले. "दुसरं विचारतो. ही बाई. तिच्या गावची माणसं. जे साक्षीला येतील ते. त्यांच्या अंगाला बोट लागणार नाही, याची जबान देता?"

वकीलसाहेब चटकन उठले, "हुजूर, माझे अशील फक्त स्वतःपुरतं..."

मालकांनी हातानंच त्यांना बसायची खूण केली. वकिलानं मध्ये बोलावं हे त्यांना रुचलं नाही. समोर सगळं गाव उभं होतं, त्यांचं गाव. त्यांनी मान वळवून एकदा त्या माणसांकडे बघितलं आणि म्हणाले, "देतो जबान. कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही. माझ्या गावात माझ्या शब्दाशिवाय झाडाचं पान हलत नाही साहेब."

"खात्री आहे?"

"तिथल्या कोणालाही विचारा."

वकीलसाहेबांनी हातातला कागद हळूच टेबलावर ठेवला. त्यांना कळलं होतं. मालकांना अजून नव्हतं.

साहेबांचा आवाज इतका खाली गेला की मागच्या माणसांनी माना पुढं काढल्या. "परवा दिवेलागणीला त्या गावात एक छप्पर जळालं. ते कोणाच्या शब्दानं?"

मालकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी कारभाऱ्यांकडे बघितलं. कारभाऱ्यांनी खाली बघितलं. सगळ्या इजलासानं ते पाहिलं.

"मी थांबतो मालक. उत्तर द्या. शब्द चालत नसेल तर तसं सांगा, मी ही जबान परत करतो. चालत असेल तर तसं सांगा."

गावासमोर आपला शब्द चालत नाही असं मालक कसं म्हणणार? ते उभे राहिले. मिशीचा पीळ तसाच होता, पण मानेवर घाम आला होता. साहेब थांबले, खरंच थांबले. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा."

मी लिहिलं. ज्या माणसाचा शब्द कोठडीच्या कुलपातून बाहेर जातो आणि घर जाळतो, तो उंबऱ्याबाहेर आला तर साक्षीदार बोलू शकणार नाहीत. साक्षीदार बोलेपर्यंत जमानत नामंजूर. 'नामंजूर' म्हणताना साहेब अडखळले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

हुकूम सांगून ते उठले ते थेट कोठडीकडे. मला वाटलं थकले असतील, घरी जातील. त्यांनी कोठडीतली जुनी चटई काढायला लावली, नवी टाकायला लावली, माठ घासून घ्यायला लावला, पाणी उकळून गार करून भरायचं असं शिपायाला दहादा बजावलं. त्यानंतर रोज सकाळी कचेरीला यायच्या आधी ते कोठडीच्या गजांपाशी उभे राहत आणि विचारत, "मालक, तब्येत कशी आहे? पोट साफ आहे?" मालक भिंतीकडे तोंड करून बसत. साहेब उत्तर मिळेपर्यंत हलत नसत. एकदा मालकांना दोन जुलाब झाले, तर साहेबांनी डॉक्टरला तिथंच बसवून ठेवलं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसले, हातात जपमाळ. लोकांना त्याचं हसू आलं. मला नाही आलं.

मुकदमा त्यांनी रोज चालवला. पहिल्या दिवशी सरूबाई बोलली. वकीलसाहेबांनी तिला खूप फिरवलं, पण ती एकच सांगत राहिली, "म्या पाह्यलंय. डोळे हायेत मला." तिच्यानंतर दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी जिनवरचा एक माणूस दारात येऊन घुटमळला. आत कोण आहे ते बघून परत गेला. दुपारी पुन्हा आला. "मालक अजून आतच हायेत न्हवं?" त्यानं चपराशाला विचारलं. चपराशी हो म्हणाला. मग त्यानं वहाणा काढल्या. त्याच्यामागून दुसरा आला, मग बाया आल्या, आणि सर्वांत शेवटी, डोळे पुसत, पोलीसपाटील आला. त्यानं चुना कोणी फासला तेही सांगितलं.

पुढं वरच्या कोर्टातून मालकांना जमानत मिळाली. व्हायचंच होतं ते. मोटार आली, हार आले. पण तोवर सगळ्यांचे जबाब शपथेवर होऊन गेले होते, कलम बदलून खुनाचं झालं होतं आणि मुकदमा परभणीला गेला होता. तिथं त्यांना शिक्षा झाली, लांबची. आणि आमच्या साहेबांची बदली झाली, तीही लांबची. तेलंगणातल्या कुठल्याशा जंगलातल्या तालुक्यात. तिथं म्हणे वर्षातून दोन मुकदमे येत, दोन्ही मोहाच्या दारूचे.

स्टेशनवर मी एकटाच पोचवायला गेलो होतो. बाकीच्यांना नव्या साहेबांची भीती. गाडी उशिरा होती. आम्ही बाकावर बसलो होतो, मध्ये त्यांची नवी सुरई. मी म्हटलं, "साहेब, काय अडकवलंत त्याला! पान हलत नाही म्हणाला आणि..."

"मी नाही अडकवलं," ते एकदम म्हणाले. "मेरेकू क्या मालूम था वो ऐसा बोलेगा? वकील उठला होता, तेच सांगत होता. 'मी माझ्यापुरता शब्द देतो, गावाचं मी काय सांगू?' एवढंच मालक म्हणाला असता, तर सोडावं लागलं असतं, पेशकारसाब. पारध्याला सोडलं तसं. कायद्यानं बरोबर. आणि ती बाई त्याच आठवड्यात..." त्यांनी सुरईचं तोंड रुमालानं पुसलं. "मी डोळे मिटले होते ना? दुआ मागत होतो. त्यानं घमेंडीनं बोलावं म्हणून. मुन्सिफानं अशी दुआ मागायची असते का?"

लांबून गाडीचा धूर दिसला.

ते डब्यात चढले, खिडकीशी बसले, सुरई मांडीत घेतली. मग विचारलं, "बाईचं घर?"

"झालं साहेब. परत गेली ती गावात. नवीन छप्पर घातलं."

"कोणी?"

"गावानं. पाटलानं मेढी दिल्या, पऱ्हाट्या घरोघरच्या. ती म्हातारी होती ना, पाणी सरलंय म्हणणारी, तिनं भिंती सारवून दिल्या."

"त्या गावानं?"

"त्याच गावानं."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिचा गोंडा बोटांनी सरळ करत बसले. शिट्टी झाली. गाडी हलली तरी ते खाली बघून गोंडाच सारखा करत होते.